नवी असताना चोख: ताकाता एअरबॅगचं प्रकरण

मे २००९. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं मिडवेस्ट सिटी. अठरा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला आणायला शाळेत गेली होती. शाळेच्या पार्किंगमध्ये तिची २००१ सालची होंडा अकॉर्ड दुसऱ्या एका गाडीवर आदळली. वेग अगदीच कमी होता. एरवी अशा धडकेनंतर दोघे चालक खाली उतरतात, बंपरला पोचा आलाय का बघतात, दोन शब्द बोलतात आणि आपापल्या घरी जातात. इथे एअरबॅग उघडली. स्टिअरिंगच्या मध्यभागी, एअरबॅगच्या मागे, स्टीलची एक चपटी डबी असते. तिला इन्फ्लेटर म्हणतात. ती डबी फुटली आणि तिचा तुकडा पिशवी फाडून मुलीच्या मानेत घुसला. मानेतली मुख्य रक्तवाहिनी तुटली आणि ती गेली.

त्याच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, होंडाने याच दोषासाठी सुमारे ४,००० गाड्या परत मागवल्या होत्या. तिची गाडी त्या यादीत नव्हती.

इन्फ्लेटर ताकाताचा होता. सीटबेल्ट आणि एअरबॅग बनवणारी ही जपानी कंपनी तेव्हा जगातल्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक होती. पुढे तिचे जगभरातले सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले. वाहन उद्योगाच्या इतिहासात एवढं मोठं रिकॉल दुसरं झालेलं नाही. हे प्रकरण बहुतेक वेळा कंपनीच्या लबाडीची कहाणी म्हणून सांगितलं जातं. लबाडी झाली, ती कोर्टात कबूलही झाली. पण सुट्या भागांच्या धंद्याकडे बघणाऱ्याला त्याच्याही आधीची एक चूक दिसते. ताकाताचा माल नवा असताना बहुतेक चोख होता. दहा वर्षं उन्हात आणि दमट हवेत राहिल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न कंपनीने वेळेवर विचारला नाही. आणि असं तिच्या बाबतीत दोनदा घडलं.

मागावरून गाडीत

ताकेझो ताकादा यांनी १९३३ साली जपानच्या शिगा प्रांतात विणकामाचा कारखाना काढला. पॅराशूटला लागणाऱ्या दोऱ्या आणि पट्टे तिथे विणले जायचे. युद्धानंतर त्यांचं लक्ष गाडीकडे वळलं. आकाशातून पडणाऱ्या माणसाला तोलून धरणारा पट्टा रस्त्यावर आपटणाऱ्या माणसालाही धरून ठेवू शकतो, हा विचार साधा होता आणि खराही. १९६० पर्यंत ताकाताचे सीटबेल्ट बाजारात आले. ज्या कंपनीचं पुढे इतकं वाईट झालं, तिचा पाया पक्क्या विणीचा होता हे विसरून चालणार नाही. त्या पट्ट्यांनी कित्येक माणसं वाचवली असतील.

एअरबॅगमध्ये मात्र ताकाता आपण होऊन उतरली नाही. १९८० च्या दशकात होंडा स्वतःची एअरबॅग तयार करत होती. पिशवीसाठी मजबूत कापड हवं म्हणून होंडाने ताकाताकडे विचारणा केली. तेव्हा कंपनीची सूत्रं ताकेझोंचे पुत्र जुइचिरो यांच्याकडे होती. त्या प्रकल्पावर काम केलेले होंडाचे अभियंते साबुरो कोबायाशी यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की जुइचिरोंनी आधी नकार दिला. एअरबॅगमध्ये काही चुकलं तर कंपनी बुडेल, इतक्या धोक्याच्या पुलावरून आपण जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी ते तयार झाले. १९८७ साली होंडा लेजंड ही एअरबॅग असलेली पहिली जपानी गाडी आली.

कापड विणणं आणि स्फोटक भरणं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. पट्टा झिजला तर डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. इन्फ्लेटर सीलबंद असतो. तो वर्षानुवर्षं काहीच करत नाही, आणि एके दिवशी त्याला सेकंदाच्या तिसाव्या-विसाव्या भागात पिशवी फुगवायची असते. तोवर आत काय झालंय हे मालकाला कळत नाही, मेकॅनिकलाही नाही.

लाल बटण

पहिला इशारा एअरबॅगकडून आलाच नाही. तो सीटबेल्टकडून आला.

बेल्ट सोडायला आपण जे लाल बटण दाबतो, ते ताकाता ज्या प्लास्टिकचं बनवत होती ते उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होत होतं. काही वर्षांनी बटणाचे बारीक तुकडे पडायचे आणि बकलच्या आत जाऊन अडकायचे. मग बकल कधी नीट लागायचं नाही, कधी लागल्यासारखं वाटून सुटायचं. १९९५ साली अमेरिकेत या कारणासाठी ८० लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तोपर्यंतच्या मोठ्या रिकॉलपैकी ते एक होतं. दोष माहीत असूनही वेळेवर न कळवल्याबद्दल होंडा आणि ताकाता यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर दंड झाला.

या घटनेपाशी थोडं थांबायला हवं. बटण कारखान्यातून निघताना उत्तम होतं, आणि तपासणीच्या टेबलावर कुणीही ते पास केलं असतं. दोष त्याच्या आकारात नव्हता, जोडणीतही नव्हता. गाडीच्या काचेतून रोज येणारं ऊन आणि प्लास्टिकचं वय यांच्या हिशेबात तो होता. अशा घटनेनंतर कंपनीने आपल्या प्रत्येक पार्टबद्दल विचारायला हवं होतं की हा दहाव्या वर्षी कसा असेल. ताकाताने बटणाचं प्लास्टिक बदललं आणि पुढची कामं हाती घेतली. ५०,००० डॉलरचा दंड एवढ्या मोठ्या कंपनीला काय शिकवणार होता, असं आज वाटतं.

स्वस्त पडणारं मीठ

सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवणाऱ्या वायूसाठी सोडियम अझाइड हे रसायन वापरलं जायचं. त्यातून वायू चांगला निघतो, पण पदार्थ विषारी आहे, हाताळायला धोक्याचा. १९९० च्या दशकात सगळा उद्योग त्यापासून दूर जाऊ लागला. ताकाताने टेट्राझोल या रसायनावर आधारलेलं इंधन आणलं. ते चांगलं होतं, पण महाग होतं. त्याच सुमारास अमेरिकेत कायदा झाला: १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीत पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग हवीच. मागणी अचानक वाढली आणि गाडी कंपन्या पुरवठादारांकडून पैशापैशाचा हिशेब मागू लागल्या.

ताकाताने मग अमोनियम नायट्रेट निवडलं. हेच शेतात खत म्हणून जातं आणि खाणीत सुरुंगासाठीही. ते स्वस्त असतं, भरपूर वायू देतं, मागे राख फारशी ठेवत नाही, त्यामुळे इन्फ्लेटर लहान आणि हलका होतो. कागदावर याच्यासारखं दुसरं इंधन नाही. त्याच्यात दोन खोड्या आहेत, आणि दोन्ही रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकांपासून माहीत आहेत.

पहिली खोड तापमानाची. साधारण ३२ अंश सेल्सिअसला अमोनियम नायट्रेटच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्याबरोबर आकारमान बदलतं. ३२ अंश म्हणजे उन्हाळ्यातली नेहमीची दुपार, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. दिवसा फुगायचं, रात्री आकसायचं. दुसरी खोड ओलाव्याची. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ जसं ओलावतं, तसा हा पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेतो.

ताकाताच्या रसायनतज्ज्ञांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी त्यात पोटॅशियमचा क्षार मिसळून स्फटिकांचा बदल आवरला आणि त्याला ‘फेज स्टॅबिलाइझ्ड’ अमोनियम नायट्रेट म्हटलं. २००० सालाच्या आसपास हे इंधन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक इथल्या कारखान्यातून इन्फ्लेटरमध्ये जाऊ लागलं. मात्र ओलावा शोषून घेणारी पुडी, म्हणजे डेसिकंट, तेव्हाच्या इन्फ्लेटरमध्ये नव्हती. कंपनीत प्रोपेलंटवर, म्हणजे वायू देणाऱ्या इंधनावर, काम केलेले अभियंते मार्क लिली यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की त्यांनी या निवडीला आतूनच विरोध केला होता आणि यातून माणसं मरतील असा इशारा दिला होता. प्रतिस्पर्धी ऑटोलिव्हच्या माजी शास्त्रज्ञांनीही नंतर सांगितलं की ग्राहकाच्या आग्रहावरून त्यांनी ताकाताच्या स्वस्त इन्फ्लेटरचा अभ्यास केला, आणि असं इंधन आपण वापरणार नाही हे ठरवलं.

आत नेमकं काय घडत होतं ते समजायला चुलीचं उदाहरण पुरेसं आहे. लाकडाचा ओंडका तासभर जळतो. त्याच ओंडक्याचा भुसा करून आगीत भिरकावला तर भपकन पेट घेतो, कारण आगीला एकाच वेळी किती पृष्ठभाग मिळतो यावर जळण्याचा वेग ठरतो. इन्फ्लेटरमध्ये इंधन घट्ट दाबलेल्या वड्यांच्या रूपात भरतात, ते याच कारणाने. वडी बाहेरून आत, ठरलेल्या गतीने जळायला हवी. ताकाताच्या डबीत थोडाथोडा ओलावा शिरत होता. दिवस-रात्रीच्या उष्णतेच्या फेऱ्यांनी वड्या हळूहळू सच्छिद्र होत होत्या, काही वेळा भुगाही होत होता. अपघाताच्या क्षणी ठिणगी पडली की आग वडीच्या आत शिरायची, दाब कल्पनेबाहेर वाढायचा आणि स्टीलची डबी छर्‍यांसारखी फुटायची.

यासाठी वर्षं लागत होती. म्हणून नव्या गाड्यांत काहीच दिसत नव्हतं. कोरड्या आणि थंड भागांतल्या गाड्यांतही बराच काळ काही दिसलं नाही. फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, पोर्तो रिको, हवाई, मलेशिया, जिथे ऊन आणि दमटपणा एकत्र राहतात, तिथे डब्या फुटू लागल्या.

लॉटचा माग

२००४ मध्ये अलाबामात एका अकॉर्डचा इन्फ्लेटर फुटला आणि चालक जखमी झाला. ताकाता आणि होंडाने तो अपवाद मानला. २००७ मध्ये आणखी तीन घटना होंडाच्या कानावर आल्या. मग २००८ चं ४,००० गाड्यांचं रिकॉल, ओक्लाहोमातला मृत्यू, २००९ मध्ये आणखी सुमारे ४ लाख ४० हजार गाड्या, २०१० आणि २०११ मध्ये पुन्हा वाढ, एप्रिल २०१३ मध्ये होंडा, टोयोटा, निसान आणि माझदा मिळून जगभरात ३४ लाख.

दर खेपेला कारण निराळं आणि दर खेपेला ते कारखान्यातलं. मोझेस लेकच्या एका प्रेसवर वड्या पुरेशा दाबल्या गेल्या नव्हत्या आणि खराब वडी आपोआप बाजूला काढणारी यंत्रणा हाताने बंद करता येत होती. मेक्सिकोतल्या मोनक्लोवाच्या कारखान्यात वड्या दमट हवेत उघड्या राहिल्या होत्या. कोणता लॉट कोणत्या इन्फ्लेटरमध्ये गेला, याच्या नोंदी नीट नव्हत्या. या गोष्टी खोट्या नव्हत्या. मोनक्लोवात २००६ साली मोठा स्फोटही झाला होता, तेव्हा तिथली शिस्त काय होती याची कल्पना येते.

पण याच खऱ्या कारणांनी मोठं कारण झाकलं, असं माझं मत आहे. दोष लॉटमध्ये आहे असं एकदा ठरलं की रिकॉलचं काम सोपं वाटतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचा माल परत घ्या, बाकीचा चांगला. ग्राहक समाधानी, हिशेबही मर्यादेत. पुढच्या वर्षी यादीबाहेरची डबी फुटते आणि तारखा थोड्या सरकतात. दोष इंधनाच्या निवडीत आहे हे मान्य केलं असतं तर अख्खा माल परत घ्यावा लागला असता, आणि तेवढे बदली इन्फ्लेटर जगात कुणाकडेच नव्हते.

याच काळात चाचण्यांचे आकडे बदलले जात होते. गाडी कंपन्यांना दिलेल्या अहवालांमध्ये इन्फ्लेटरची खरी कामगिरी लपवली गेली, हे ताकाताने पुढे अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केलं. गुन्ह्याचा काळ साधारण २००० ते २०१५, म्हणजे हे इंधन बाजारात आल्यापासूनचा. नवा पार्टसुद्धा कधीकधी चाचणीत नापास होत होता आणि तो कागदावर पास होत होता. मग दहा वर्षं जुन्या पार्टचा प्रश्न कोण उपस्थित करणार?

२०१४ च्या शरद ऋतूत फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये एका महिलेचा अपघात झाला. तिच्या मानेवरचे घाव पाहून पोलिसांना आधी वाटलं की कुणीतरी तिला भोसकलंय. खुनाच्या दिशेने तपास सुरू झाला आणि मग लक्षात आलं की घाव एअरबॅगमधून आलेल्या धातूचे आहेत. तिच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी तिच्या घरी पत्र आलं: तुमच्या गाडीचा एअरबॅग बदलून घ्या.

त्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने ताकाताचा इतिहास उकरून काढला आणि नोव्हेंबरमध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली. दमट राज्यांपुरतंच रिकॉल पुरे, असा आग्रह तेव्हा ताकाताने धरला होता. वाहतूक सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसए देशभर रिकॉल मागत होती. मे २०१५ मध्ये ताकाताने हात टेकले आणि सुमारे ३ कोटी ४० लाख इन्फ्लेटर सदोष असल्याचं मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये २० कोटी डॉलरपर्यंतचा दंड झाला आणि ज्या होंडासाठी ताकाता या धंद्यात उतरली होती, त्या होंडाने तिचे इन्फ्लेटर यापुढे घेणार नाही असं जाहीर केलं.

मूळ कारणावर शिक्कामोर्तब झालं फेब्रुवारी २०१६ मध्ये. गाडी कंपन्यांनी एकत्र येऊन रॉकेटची इंधनं बनवणाऱ्या ऑर्बिटल एटीके या कंपनीला तपास दिला होता. त्यांनी तीन गोष्टी एकत्र आल्याचं सांगितलं: डेसिकंटशिवायचं अमोनियम नायट्रेट, ओलावा पुरेसा न अडवणारी डबी, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या उष्णतेच्या फेऱ्या. तपास करायला रॉकेटवाले बोलवावे लागले. निवड करताना त्यांना कुणी विचारलं असतं तर?

त्याच वर्षी एनएचटीएसएने सांगितलं की २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अक्युरा गाड्यांतले इन्फ्लेटर उघडताना फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आहे. नाणं उडवण्याइतकी.

दुरुस्तीतही वयाचा हिशेब सुटला नाही. चांगले बदली इन्फ्लेटर पुरत नव्हते, म्हणून बऱ्याच गाड्यांत जुन्याच्या जागी त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला. नवा आहे म्हणजे काही वर्षं सुरक्षित, नंतर पुन्हा बदलायचा. एनएचटीएसएने प्रदेशाच्या उष्णता-दमटपणाप्रमाणे आणि गाडीच्या वयाप्रमाणे अ, ब, क असे विभाग पाडून क्रम लावला. तो नकाशा पाहिला की वाटतं, हाच नकाशा १९९९ साली डिझाइनच्या टेबलावर असायला हवा होता.

शेवटचा हिशेब

जुइचिरो २०११ मध्ये वारले. कंपनी तिसऱ्या पिढीकडे, शिगेहिसा यांच्याकडे, २००७ पासूनच आली होती. शेअर बाजारात नोंदलेली असूनही तिचे सुमारे ६० टक्के शेअर घराण्याकडे होते. शिगेहिसा पत्रकारांपुढे येऊन माफी मागायला जून २०१५ उजाडावं लागलं. बाहेरून प्रश्न विचारणारं कुणी संचालक मंडळात फारसं नसलं की कंपनीला स्वतःच्या दोषाशी बोलायला उशीर होतो, आणि इथे त्या उशिराची किंमत गाडी चालवणाऱ्यांनी दिली.

जानेवारी २०१७ मध्ये ताकाताने फसवणुकीचा गुन्हा कबूल करायचं ठरवलं. एकूण रक्कम १०० कोटी डॉलर: त्यांत अडीच कोटी फौजदारी दंड, साडेबारा कोटी बळी आणि जखमींसाठी, आणि ८५ कोटी गाडी कंपन्यांसाठी. ही वाटणी वाचताना अस्वस्थ वाटतं. ज्यांच्या मानेला, डोळ्यांना जखमा झाल्या त्यांच्या वाट्याला सर्वांत मोठा हिस्सा आला नाही. अमेरिकेत या इन्फ्लेटरनी २५ हून जास्त माणसं गेली आणि ४०० हून जास्त जखमी झाली.

२६ जून २०१७ रोजी ताकाताने जपान आणि अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. युद्धानंतर जपानमध्ये एवढा मोठा उत्पादक बुडाला नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये चीनच्या निंगबो जॉयसन समूहाच्या मालकीच्या की सेफ्टी सिस्टिम्सने तिचा बराचसा धंदा सुमारे १५९ कोटी डॉलरला घेतला. सीटबेल्टचे माग नव्या नावाखाली, जॉयसन सेफ्टी सिस्टिम्स म्हणून, चालू राहिले. अमोनियम नायट्रेटच्या इन्फ्लेटरचा भाग मात्र त्या विक्रीतून वगळला होता. तो जुन्या कंपनीकडेच ठेवला गेला, फक्त रिकॉलचे बदली भाग पुरवण्यापुरता.

गाड्या मात्र हातोहात फिरत राहतात. पहिल्या मालकाने विकलेली, दुसऱ्याने राज्याबाहेर नेलेली, तिसऱ्याने पत्ता न बदलता वापरलेली गाडी शोधून काढणं कठीण असतं. होंडाने पत्रं पाठवली, फोन केले, माणसं घरोघरी पाठवली. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला अमेरिकेत सुमारे ८,२०० जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगावं लागलं की गाडी चालवूच नका. भारतातही होंडाने याच कारणासाठी टप्प्याटप्प्याने गाड्या परत बोलावल्या. जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या रीम्समध्ये सिट्रोएन सी३ चालवणारी एक महिला ताकाताच्या एअरबॅगमुळे दगावली, आणि सिट्रोएनची मालक कंपनी स्टेलँटिसने त्या पिढीच्या सगळ्या सी३ आणि डीएस३ गाड्या दुरुस्तीपर्यंत उभ्या ठेवायला सांगितल्या. ताकाताच्या दिवाळखोरीला त्याच महिन्यात आठ वर्षं पूर्ण झाली.